दम : काही टिपणे

१.
पहाटे साडेपाचला जालना रोडच्या कडेने पोरं पळत येतात. थंडीत आधी तोंडातली वाफ दिसते, मग बूट, मग पोरगं. एकाच्याही अंगात स्वेटर नाही. स्वेटर माझ्या अंगात आहे, आणि मी चालतोय.

२.
पोलीस भरतीचं मैदानी गणित बदनापूरच्या चहावाल्यालाही पाठ आहे. पोरांना १६०० मीटरला २० गुण, १०० मीटरला १५, गोळ्याला १५. झाले ५०. सोळाशे मीटर ५ मिनिटं १० सेकंदांत मारले की वीसच्या वीस. पुढे लेखी १०० ची, तिच्यात बुद्धिमत्ता आहे. घाबरण्याचे गुण कुठल्याच तक्त्यात नाहीत. कापले मात्र सगळीकडे जातात.

३.
गोळा एकच, पोरी अकरा. चार किलोचा. एक फेकते, दहा थांबतात.

थांबलेल्यांतली एक, पिवळ्या टी-शर्टवाली, ओळीत उभ्या उभ्या डोळे मिटते. उजवा तळहात मानेला लावते. हातात काही नाही. गुडघा थोडा वाकतो, खांदा मागे जातो, शेवटी बोटं झटक्याने उघडतात. ओठ हलतात. मग डोळे उघडून ती लांब मातीत बघते, तो न फेकलेला गोळा जिथे पडला असेल तिथे. एक पाऊल पुढे सरकते. पुन्हा डोळे मिटते. तिचा नंबर येईस्तोवर मी मोजले : नऊ.

"काय करू राहिली गं?"

"काही नाही काका. गोळा नाही ना."

४.
अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये काही जणांना करंगळी बाजूला ताणण्याची नुसती कल्पना करायला सांगितली होती. रोज पंधरा मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस, बारा आठवडे. हात जागचा हलवायचा नाही. शेवटी मोजलं तर करंगळीची ताकद ३५ टक्के वाढलेली. ज्यांनी खरोखर व्यायाम केला त्यांची ५३ टक्के. हे २००४ साली छापून आलं.

करंगळीवर गोवर्धन उचलल्याची गोष्ट आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. तिथेही बाकीच्यांनी खालून काठ्या लावल्याच होत्या.

५.
३५ आणि ५३ मधले अठरा टक्के भाषणात येत नाहीत.

६.
भाषण एका अकॅडमीत झालं. वक्ता बाहेरगावचा, कोट घातलेला, कॉलरला माइक. "हरण्याचा विचार मनात आणूच नका!" टाळ्या. "हरणं हा शब्दच विसरा!" टाळ्या. "हरणारा माणूस कसा असतो, सांगू?" मग वीस मिनिटं हरणारा माणूस कसा असतो ते सांगितलं.

माझ्या शेजारचं पोरगं कानाशी आलं. "काका, मी तर हरायचं मनात आणलंच नव्हतं. आता येऊ राहिलं."

७.
वैद्याने पुडी दिली आणि बजावलं, औषध घेताना माकड आठवायचं नाही. पुढची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे.

१९८७ मध्ये डॅनियल वेग्नर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने विद्यार्थ्यांना पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार न करण्याचं काम दिलं. आलाच विचार, तर घंटी वाजवायची. घंट्या वाजत राहिल्या.

८.
'दम' हा शब्द घ्या. दम लागला म्हणजे श्वास पुरेना. दम धर म्हणजे थांब. दम दिला म्हणजे धमकावलं. दमला म्हणजे थकला. गड्यात दम आहे म्हणजे ताकद आहे. दमानं घे म्हणजे घाई करू नको. यातला श्वासाचा दम फारसीतून आलेला. दुसरा संस्कृतातला, शम-दमातला, मनाला आवरणारा. दोघं मराठीत येऊन कधी एका घरात राहायला लागले ते त्यांनाही आठवत नसेल.

मैदानावर सर ओरडतात, "दम धर रे!" पोरगं श्वास सांभाळतं, धीर धरतं आणि थोडं घाबरतंही. तिन्ही अर्थ एका हाकेत पोचतात.

९.
समर्थ रामदासांचा जन्म याच जालना जिल्ह्यातला. घनसावंगी तालुक्यातलं जांब, साल १६०८. मनाचे श्लोक २०५. स्वतःच्याच मनाला समोर बसवून, नावाने हाक मारून, अरे-तुरे करत समजावत जायचं, असा सगळा मामला. याच माणसाने गावोगाव मारुती बसवले. एका हाताने मन, दुसऱ्या हाताने तालीम.

१०.
वेल्समधल्या बँगोर विद्यापीठात १६ पुरुषांना दहा-दहा किलोमीटर सायकल मारायला लावली. एकदा स्वतःशी 'मी' म्हणून बोलायचं : मला जमतंय, मी टिकणार. एकदा 'तू' म्हणून : तुला जमतंय, तू टिकणार. बहुतेकांची सायकल 'तू' म्हटल्यावर जास्त वेगाने गेली. दमणूक दोन्ही वेळा सारखीच वाटली, असं त्यांनीच सांगितलं. हे २०१९ चं.

११.
मारुतीला स्वतःची ताकद आठवत नव्हती. समुद्राच्या काठावर जांबुवंताने आठवण करून दिली, मग उडी. जांबुवंताने नवं काही शिकवलं नाही, खुराक वाढवला नाही, भाषणही आटोपशीर केलं.

शिवाय समोर समुद्र होता. काठावर उभं करून आठवण देणं वेगळं आणि हॉलमध्ये पंख्याखाली देणं वेगळं.

१२.
मैदान चारशे मीटरचं आहे असं सगळे धरून चालतात. चार राउंड म्हणजे सोळाशे. माझी नोकरी जमिनी मोजण्यात गेली, त्यामुळे चालता चालता पावलं मोजायची खोड आहे. शंका आली म्हणून एका रविवारी टेप लावली. ३७२ मीटर. चार राउंडचे १४८८.

म्हणजे इथे जो ५ मिनिटं ५ सेकंदांत येतो आणि पेढे वाटायच्या बेतात असतो, तो खऱ्या मैदानावर साडेपाचच्या आसपास येणार.

सरांना बाजूला घेऊन सांगितलं. त्यांनी आकडा दोनदा विचारला. मग म्हणाले, "काका, पोरांना सांगू नका. कॉन्फिडन्स जातो."

१३.
चार राउंडमधला तिसरा वाईट. पहिल्यात उत्साह असतो, दुसऱ्यात हिशोब, चौथ्यात शेवट दिसत असतो. तिसऱ्यात काहीच नसतं. पोरं पडतात ती तिसऱ्यात, आणि पडतात म्हणजे खाली पडत नाहीत. चेहरा पडतो, मग खांदे, मग वेग. याच क्रमाने. मी बरेच दिवस बघतोय.

१४.
एकाला विचारलं, तिसऱ्या राउंडला काय करतो. "खांब मोजतो." लाइटचे खांब कुंपणापलीकडे आहेत. सगळे सात. सातव्या खांबानंतर काय करतो? "परत एकपासून."

१५.
बीजिंग, २००८. दोनशे मीटर बटरफ्लाय. मायकेल फेल्प्सच्या गॉगलमध्ये पाणी शिरलं आणि शेवटी शेवटी त्याला काही दिसेना. भिंत कुठे आली ते कळायला मार्ग नाही. तो हात मोजत गेला. किती हातांनी भिंत येते ते त्याला ठाऊक होतं. १ मिनिट ५२.०३ सेकंद, विश्वविक्रम. बाहेर आल्यावर वेळेवर खूश नव्हता.

खांबवाल्या पोराला हे सांगितलं. त्याचा पहिला प्रश्न : "त्याला पण गॉगल खराबच भेटला का?"

१६.
तेंडुलकरने २०२१ मध्ये सांगितलं की दहा-बारा वर्षं त्याला सामन्याआधी धड झोप लागत नसे. पुढे त्याने झोपेशी भांडणं सोडलं. स्वतः चहा करायचा, कपड्यांना इस्त्री करायची, बॅग आदल्या दिवशी भरून ठेवायची.

शंभर शतकं आणि इस्त्री. आपण शतकांचं पोस्टर लावतो.

१७.
सिडनी, जानेवारी २००४. तेंडुलकर नाबाद २४१, आणि त्यात कव्हर ड्राइव्ह मारायचा नाही असं ठरवून ठेवलेलं. आधी त्याच फटक्यावर बाद होत होता म्हणून. जवळजवळ दोन दिवस हाताला आवडणारी गोष्ट हाताला करू द्यायची नाही. आमच्या घरी मधुमेहाचं पथ्य एका लग्नापुरतंही टिकत नाही.

१८.
खोखोत बसलेल्या गड्याचं मोठं काम म्हणजे न उठणं. खो मिळाला की झेप, त्याआधी हललं की फाऊल. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला पहिला खोखो विश्वचषक झाला. भारताचे दोन्ही संघ जिंकले आणि दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे : प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे. सगळे फोटो झेपेचे छापून आले. न उठलेल्या क्षणाचा फोटो काढणार कसा, हेही आहेच.

१९.
डॉक्टरांनी मला रक्तदाबाची जी गोळी दिली आहे, ती हृदयाचे ठोके संथ करते आणि हाताची थरथर कमी करते. बीटा ब्लॉकर. नेमबाजी आणि तिरंदाजीत तिच्यावर बंदी आहे. म्हणजे मी रोज सकाळी उत्तेजक... उत्तेजक कसलं, शामक घेऊन मैदानावर येतो आणि बाकावर बसतो. कोणी हरकत घेतलेली नाही.

२०.
स्वप्नील कुसाळे, कांबळवाडी, तालुका राधानगरी. तेव्हा रेल्वेत तिकीट तपासनीस. १ ऑगस्ट २०२४, पॅरिस, ५० मीटर रायफल थ्री पोझिशन, ४५१.४ गुण, कांस्य. नंतर म्हणाला, पोटात कालवत होतं, काही खाल्लं नव्हतं, काळा चहा पिऊन आलो होतो, छातीत जोरात धडधडत होतं. श्वासावर लक्ष ठेवलं आणि वेगळं काही करायला गेलो नाही.

धडधड थांबली असं तो कुठेही म्हणाला नाही.

२१.
नाशिकचे भीष्मराज बाम आयपीएस अधिकारी होते. आयुष्य पोलिसात काढलं आणि नाव झालं ते क्रीडा मानसशास्त्रात. अंजली भागवत, राहुल द्रविड असे खेळाडू त्यांच्याकडे सल्ल्याला गेले. पाया योगाचा, श्वासाचा, रोजच्या सरावाचा. २०१७ मध्ये गेले. त्यांच्या इंग्रजी पुस्तकाचं नाव 'विनिंग हॅबिट्स'. जिंकण्याच्या सवयी. विचार नव्हे, सवयी.

इथली पोरं पोलिसात जायला पळतात. बाम पोलिसातून इकडे आले. दोघांची गाठ कुठल्याच चौकात पडली नाही.

२२.
भरतीच्या आधी राजूरच्या गणपतीला जाऊन येतात. काही चालत. एकाचे जुने मोजे आहेत, निळे, टाचेला भोक. धुतो, पण शिवत नाही. "शिवले की बदलून जातात ना काका."

२३.
समृद्धी महामार्ग आपल्या तालुक्यातूनच गेला. मुंबई ते नागपूर ७०१ किलोमीटर. तिथल्या अपघातांच्या बातम्यांत एक नवा शब्द आला, रोड हिप्नॉसिस. रस्ता इतका सरळ, इतका सारखा, की डोळे उघडे राहतात आणि माणूस आतून झोपतो.

गावातल्या खड्ड्यांच्या रस्त्यावर हा आजार नाही.

२४.
पुन्हा बँगोर, पुन्हा १६ जण, साल २००९. एकदा त्यांना दीड तास संगणकावर डोकं शिणवणारं काम दिलं. एकदा दीड तास आगगाड्यांवरचा आणि फेरारीवरचा माहितीपट दाखवला. मग दोन्ही वेळा सायकल, गळून जाईपर्यंत. माहितीपट बघून आलेले सरासरी ७५४ सेकंद टिकले, डोकं शिणलेले ६४०. हृदय, फुप्फुसं, रक्त सगळं तपासलं, तिथे फरक नाही. फरक एवढाच की शिणलेल्यांना पहिल्यापासूनच जड वाटत होतं.

इथली पोरं रात्री दीडपर्यंत रील बघतात. ते काम की माहितीपट, ते बँगोरवाल्यांनी सांगितलेलं नाही. बदनापूरला आगगाडी फुकट दिसते, पण ती बघत कोणी बसत नाही.

२५.
अविनाश साबळे, मांडवा, तालुका आष्टी, जिल्हा बीड. ऑगस्ट २०२२, बर्मिंगहॅम, ३००० मीटर स्टीपलचेस. पहिला केनियाचा किबिवोट, ८ मिनिटं ११.१५ सेकंद. साबळे ८ मिनिटं ११.२०. राष्ट्रकुल स्पर्धेत या शर्यतीची तिन्ही पदकं केनिया १९९८ पासून एकटाच घेऊन जात होता.

०.०५ सेकंद. पापणी लवायला याहून जास्त वेळ लागतो.

पेपरांनी साबळेच्या सियाचीनमधल्या लष्करी नोकरीबद्दल लिहिलं. तिथल्या बर्फाने मन घट्ट झालं वगैरे. सियाचीनला इतरही पुष्कळ जवान होते.

२६.
त्याच साबळेची २०१९ ची दोहा. जागतिक स्पर्धेची प्राथमिक फेरी, दुसऱ्याच्या पायात अडकला, मागे पडला, बाद. भारताने दाद मागितली, ती मान्य झाली, अंतिम फेरीत घेतलं. तिथे तेरावा आला आणि राष्ट्रीय विक्रम केला. तेरावा आलेल्याला आपल्या गावात कोणी विचारत नाही, काय रे, कसा पळालास.

२७.
बीडीएन ७११ हे तुरीचं वाण इथल्या संशोधन केंद्राचं. पांढरी तूर, लवकर हाताशी येणारी. केंद्राच्या कुंपणाच्या कडेने भरतीवाले पळतात. त्यांनाही तेच पाहिजे.

२८.
नॉर्मन ट्रिपलेट, अमेरिका, १८९८. चाळीस लहान मुलांना गळाची रीळ फिरवायला दिली. कधी एकट्याने, कधी दुसऱ्या मुलाच्या शेजारी. शेजारी कोणी असलं की वीसजणांचा वेग वाढला. दहाजणांवर परिणाम नाही. दहाजण गडबडून उलट मंदावले.

पुस्तकात बहुतेक वेळा पहिले वीसच येतात. शेवटच्या दहांत मी आहे.

२९.
शाळेत असताना तालुक्याच्या स्पर्धेत चारशे मीटर पळालो. शेवटच्या वळणापर्यंत पहिला. वळणावर मागे बघितलं. कोण किती जवळ आलंय एवढंच बघायचं होतं. दोघं जवळ आले होते. ते माझ्याकडे बघत नव्हते, दोरीकडे बघत होते. तिसरा आलो. स्टीलची वाटी मिळाली. ती अजून आहे, तिच्यात मीठ ठेवतात.

३०.
नाबाद ४५१. जालन्याचा विजय झोल, २०११, महाराष्ट्राच्या एकोणीस वर्षांखालील संघाकडून आसामविरुद्ध. त्या वर्षी जिल्ह्यात बॅटी खूप खपल्या, असं दुकानदार सांगतो. तीनशे झाल्यावर पुढच्या चेंडूला पहिल्यासारखाच चेंडू समजून कसं खेळायचं, ते दुकानात मिळत नाही. शंभर झाल्यावर बॅट वर करतात आणि पुढच्या दोन षटकांत तंबूत, असे मात्र मी बरेच पाहिलेत. मुलाखतीत, ऑफिसात, लग्नातही.

३१.
सरांनी शेवटी पोरांना न सांगता चुन्याची नवी आखणी केली. मी टेप धरली. आता ४०० भरतात. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या वेळा वीस-बावीस सेकंदांनी घसरल्या. सर म्हणाले, "थंडी वाढली ना." पोरांनी मान हलवली. आठवडाभर थंडीला शिव्या देत पळाली. त्यातले दोघं आता पुन्हा ५:१२ वर आलेत. खरे ५:१२.

थंडी तेवढीच आहे.

३२.
खांबवाल्या पोराचे खांब नव्या आखणीत आठ झाले. त्याने मला विचारलं नाही, मी त्याला सांगितलं नाही. नुसतं एकदा माझ्याकडे बघितलं, मग टेपकडे.

३३.
दुसरा गोळा आला. कोणाच्या तरी आजोबांनी घेऊन दिला. आता दोन रांगा. पिवळ्या टी-शर्टवालीचा नंबर लवकर येतो. आज मोजले : चार. पाचव्यांदा डोळे मिटले होते तेवढ्यात मागची म्हणाली, "अगं ए, जा ना, तुझंच आहे."

तिने डोळे उघडले, गोळा उचलला, तळव्यावरची माती पँटला पुसली. मानेला लावला. ओठ हलले. तेवढ्यात पलीकडून मालगाडी आली, मी सवयीने डबे मोजायला लागलो, आणि गोळा कुठे पडला ते राहूनच गेलं.